मालकाचे छप्पर आणि कामकऱ्याचे घर

(समाजाच्या कन्नड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस भाषणासाठी पाचारण केले आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. अशा मेळाव्यांतून वधूवर-परिचय, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा निधी या विषयांवर प्रतिवर्षी विचारविनिमय होतो आणि तो झालाच पाहिजे. आज मात्र आम्ही जरा निराळ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्या शेतात, दुकानात, वखारीत किंवा बांधकामावर जो राबतो, त्याला स्वतःचे घर व्हावे म्हणून त्याला कामावर ठेवणाराने काय करावे, हा आमचा आजचा विषय होय.

विषय ऐकताच काहींच्या मनात येईल की, हे भाषण वाळूजच्या कारखानदारांपुढे व्हावयास हवे होते. आपण कसले मालक! परंतु या सभामंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या शेतावर सालगडी आहे. कित्येकांच्या दुकानात दोनतीन नोकर आहेत. काहीजण बांधकामाचे ठेके घेतात व त्यांच्या हाताखाली गवंडी आणि बिगारी काम करतात. ही सर्व मंडळी मालकच होत. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर आपल्याच समाजातील कितीतरी तरुण वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांत ठेकेदाराकडून कामास लागले आहेत आणि रांजणगाव शेणपुंजीसारख्या गावी एकेका भाड्याच्या खोलीत दिवस काढीत आहेत. वडील मालक आणि चिरंजीव कामगार, अशी स्थिती एकाच कुटुंबात आढळते. तेव्हा हा प्रश्न दोन्ही अंगांनी आपलाच आहे.

कामगारांच्या निवाऱ्याची काळजी मालकाने वाहावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन त्यांना दिली. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणराव आपले सहकारी व त्यांची कुटुंबे यांच्यासह गेले आणि कारखान्याच्या जोडीने तेथे वसाहत उभी राहिली. पुढे रेल्वे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असे झाले. शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखरेच्या कारखान्याबरोबर वालचंदनगर वसविले. ओसाड जागी कारखाना काढावयाचा, तर कामगारांच्या राहण्याची सोय मालकानेच केली पाहिजे, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. तथापि ती गरज ज्या आस्थेने भागविली गेली, तिचे श्रेय त्या उद्योजकांना द्यावयास हवे.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट निराळी. तेथे कामगार हजारोंनी आले आणि दाटीवाटीने राहू लागले. १९२० साली सरकारने विकास खाते काढून ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. त्या खर्चाचा काही भाग निघावा म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया कर बसविण्यात आला, म्हणजे घरांचा थोडा भार गिरणीधंद्यावर पडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. याच त्या बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत आजोबा, मुलगा आणि नातू अशा पिढ्या निघून गेल्या. या चाळींच्या पुनर्विकासाचे काम २०१७ मध्ये हाती घेतले गेले आणि वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळावयास २०२५ चा ऑगस्ट उजाडला.

येथपर्यंतच्या हकिगतीत एक गोष्ट समान आहे. कामगाराला राहावयास जागा मिळाली, पण ती त्याची झाली नाही. काम आहे तोवर, किंवा भाडे भरले जाते तोवर, छप्पर आहे. मुंबईत १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या आवारातील चाळींत राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे लोंबकळत राहिला. पगार थांबला त्याच वेळी राहत्या घराचीही शाश्वती गेली. माणसावर एका वेळी एक संकट यावे. येथे दोन्ही एकदमच आली.

परदेशातील एक दाखला या दृष्टीने अत्यंत बोलका आहे. अमेरिकेत शिकागो शहराजवळ जॉर्ज पुलमन नावाच्या, रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखानदाराने १८८० पासून आपल्या कामगारांसाठी एक सुंदर नगर वसविले. पक्क्या विटांची घरे, बागा, ग्रंथालय, बाजार, कशाचीही उणीव नव्हती. मात्र त्यातील एकही घर कामगाराच्या मालकीचे नव्हते. १८९३ मध्ये मंदी आली. मजुरी कापण्यात आली, पण घरभाडे पूर्वीइतकेच राहिले. १८९४ मध्ये संप झाला व तो रेल्वेमार्गांवरून दूरवर पसरला. अखेर १८९८ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीने नगराची मालकी सोडून द्यावी, असा निर्णय दिला. मजुरी देणारा हात आणि भाडे घेणारा हात एकच असला, म्हणजे कामगाराला तोंड उघडण्याची सोय राहत नाही, हा त्याचा मथितार्थ.

बंधूंनो, पुलमनच्या नगराची गोष्ट ऐकून आपण मान डोलावतो. आता आपल्या आखाड्याकडे पाहू या. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. रोख किती, धान्य किती, हे बोलून होते आणि तो बायकामुलांसह आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत राहावयास येतो. रात्रीची राखण, पहाटेचे पाणी, जनावरांचे चारापाणी यांसाठी त्याने तेथेच असणे मालकालाही सोयीचे असते. यात कोणी दुष्टावा करतो असे आम्ही म्हणत नाही. उलट कित्येक घरांत सालगड्याच्या आजारपणात मालकीणबाई स्वतः धावून जातात, हे आम्ही पाहिले आहे. परंतु पुढच्या पाडव्याला साल मोडले की त्याचे बिऱ्हाड बैलगाडीत किंवा टेंपोत चढते. वीस वर्षे इमानाने राबलेल्या गड्याजवळ, हातपाय थकल्यावर जेथे पाठ टेकावी अशी हक्काची दहा फूट जागा नसते.

ऊसतोडणीला जाणाऱ्यांचे याहून बिकट. कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्यांना वसाहतीत घर मिळते. ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, ज्याला त्या व्यवहारात एक 'कोयता' म्हणतात, बांबू आणि चटया मिळतात व त्यांची कोपी उभी राहते. आम्ही आयुष्यभर मुलांचे हजेरीपट लिहिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होत, त्या पाडव्याच्या सुमारापर्यंत चालत. त्यातही एक फरक आमच्या ध्यानात येई. ज्यांचे गावात स्वतःचे घर असे आणि मागे आजी राही, त्यांचे मूल बहुधा शाळेत टिके. ज्यांना मूल मागे ठेवावयास घरच नसे, त्यांचे मूल टोळीबरोबर जाई. घराचा आणि शिक्षणाचा संबंध आम्ही कोणत्याही ग्रंथात शोधला नाही. तो हजेरीपटावर डोळ्यांसमोर होता.

तर मग मालकाने करावे तरी काय? याचेही उत्तर इतिहासात सापडते. फ्रान्समधील म्युलूझ या गिरणीच्या गावी तेथील कारखानदारांनी १८५३ साली एक संस्था स्थापिली. या संस्थेने लहानलहान घरे बांधली, प्रत्येकाला थोडी बाग ठेवली आणि ती कामगारांना हप्त्यांनी विकली. काही वर्षे नियमाने हप्ता भरला की घर कामगाराच्या नावावर होई. पुढील काळात अशी हजाराहून अधिक घरे झाली. त्याच देशात १९५३ पासून, ठरावीक संख्येहून अधिक नोकर असलेल्या मालकाने एकूण पगाराच्या १ टक्का रक्कम घरांच्या कामी लावावी, असा कायदाच झाला. पुढे ते प्रमाण व त्या अटी बदलल्या, परंतु कामगाराच्या घराशी मालकाचा संबंध आहे, हे तत्त्व तेथील कायद्याने मान्य केले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. जमशेटजी टाटांनी नागपुरात १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने इंदोरा येथे सरकारकडून जमीन घेतली, तिचे भूखंड पाडले आणि कामगारांना आपापली घरे बांधण्यासाठी कर्ज दिले. कर्जाची फेड हप्त्यांनी होई. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालाने या योजनेची दखल घेतली आहे. पुढे गिरणीचे काय व्हावयाचे ते झाले. पण जो कामगार स्वतःच्या भिंतीआड राहत होता, त्याला गिरणीच्या दाराला कुलूप लागल्यावर घराबाहेर काढणारा कोणी नव्हता.

जेथे एकेकट्या मालकावर विसंबता येत नाही, तेथे कायद्याने संपूर्ण धंद्याकडून वर्गणी घेतल्याचेही उदाहरण आहे. विडी वळणाऱ्या स्त्रिया घरी बसून काम करतात. त्यांचा खरा मालक कोण, हेच पुष्कळदा सांगता येत नाही. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसला आणि त्या निधीतून विडी कामगारांच्या घरांना अनुदान देण्याची योजना चालली. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ मध्ये त्या घरांचे वाटप झाले. शासनाचे साहाय्य, स्त्रियांनी स्वतः भरलेला वाटा आणि त्यांच्या संघटनेची चिकाटी यांतून ती घरे झाली. ती घरे मालकीची आहेत, हे त्यांचे वैशिष्ट्य.

आता आम्ही आमच्या स्वतःच्या पेशाकडे वळतो. आम्ही मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत लागलो, तेव्हा शिक्षकाचा पगार काही फार मोठा नव्हता. तरीसुद्धा आज बहुतेक तालुक्याच्या गावी 'शिक्षक कॉलनी' या नावाची वस्ती दिसते. ती कशी झाली? शिक्षक काही व्यापाऱ्याहून श्रीमंत नव्हते. पण त्यांच्या हाती दरमहा पगाराचा कागद होता. त्या कागदावर पतसंस्था कर्ज देत असे. घरबांधणी अग्रिम मिळे. हप्ता पगारातूनच परस्पर कापला जाई, त्यामुळे सावकाराची पायरी चढावी लागत नसे. दोन सहकारी एकमेकांना जामीन राहत. आमच्या मालकाने, म्हणजे शासनाने, आम्हांस घर बांधून दिले नाही. त्याने आमच्या मिळकतीला कागद दिला आणि हप्ता कापून घेण्याची शिस्त दिली. घर आम्ही बांधले, आमच्या सोयीने बांधले आणि निवृत्तीनंतर त्याच घरात राहून आज आपल्यापुढे बोलत आहोत.

आमच्या सालगड्याजवळ आणि दुकानातील नोकराजवळ हाच कागद नाही. तो वर्षभर मिळवतो, पण तो मिळवतो हे कोठेही लिहिलेले नसते. बँकेच्या दारात त्याचे कष्ट मोजले जात नाहीत. म्हणून आमचे आपणांस असे सुचविणे आहे की, मोठी वसाहत बांधण्याची ऐपत नसली, तरी चार गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकास करता येतील.

पहिली गोष्ट, मजुरी बँकेच्या खात्यात द्यावी व महिन्याच्या महिन्याला सही केलेली पगाराची चिठ्ठी द्यावी. यास खर्च काहीच नाही. दोनतीन वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर कर्ज मागताना त्याचा शब्द वजनदार होतो. ज्यांच्याकडे कायद्याने भविष्यनिर्वाह निधी लागू आहे, त्यांनी तो वेळेवर भरावा. १९५२ पासून चालत आलेल्या या निधीतून घरासाठी रक्कम काढता येते, हे पुष्कळ कामगारांना ठाऊकच नसते. ते त्यांना समजावून सांगणे हेही मालकाचेच काम आहे.

दुसरी गोष्ट ठेकेदार बंधूंसाठी आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून बांधकाम कामगारांच्या कल्याणाची तरतूद केली आणि त्यात घरासाठी साहाय्य देण्याचीही सोय ठेवली. त्या लाभासाठी कामगाराची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला आपण द्यावयाचा असतो. ज्या गवंड्याने आपल्या हाताखाली शंभर घरे उभी केली, त्याच्या स्वतःच्या घराचा मार्ग आपल्या एका सहीवाचून अडून राहावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी कोणती? अर्थात दाखला खरा असावा. खोट्या दाखल्याने खऱ्या कामगाराच्या वाट्याचे धन दुसराच नेतो.

तिसरी गोष्ट उचलीची. अडीअडचणीला आपण गड्याला उचल देतो. ती घरासाठी देतानाही लेखी असावी, बिनव्याजी असावी आणि दरमहा थोडी थोडी कापून घ्यावी. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ नकोस, असे बजावणे मात्र सर्वथैव अनुचित होय. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच ठरले असते.

चौथी गोष्ट जागेची. ग्रामीण घरकुल योजनेत सपाट प्रदेशातील लाभार्थ्यास मूळ १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरलेले आहे. पण यादीत नाव असूनही जागेअभावी घर अडून राहिल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. भूमिहीनास जागा खरेदी करता यावी म्हणून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची शासनाची स्वतंत्र योजना आहे. आपल्यापैकी ज्याच्याजवळ गावठाणात किंवा लगत जागा आहे, त्याने त्यातील लहानसा तुकडा आपल्या जुन्या गड्याला रास्त किमतीत द्यावा. शेतजमिनीच्या लहान तुकड्यांच्या विक्रीवर १९४७ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. म्हणून आधी तहसील कचेरीत विचारून, रीतसर परवानगी घेऊनच व्यवहार करावा. तोंडी दिलेली जागा पुढची पिढी मानीत नाही. नोंदलेले खरेदीखत करावे आणि ते नवराबायको दोघांच्या नावे करावे, म्हणजे उद्या कुंकू पुसले तरी त्या माऊलीचे छप्पर जाणार नाही.

यावर कोणी म्हणतील की, स्वतःचे घर झाल्यावर गडी आपल्याकडे कशाला राहील? आखाड्यावर आहे तोवर हाताशी तरी आहे. या शंकेत अनुभव आहे, हे आम्हांस मान्य. शेतीला माणूस मिळत नाही, हंगाम कोणासाठी थांबत नाही. परंतु ज्याला जावयाचे असते तो आखाड्यावरूनही रात्रीतून जातो. ज्याचे गावात घर झाले, मुले शाळेत रमली, तो सहसा गाव सोडीत नाही, आणि गावात राहिला म्हणजे कामाला गावातल्याच माणसाकडे येतो. समजा, तो दुसऱ्याकडे गेला, तर तो त्याचा हक्क आहे. आपली मुले वाळूजला एक कारखाना सोडून दुसऱ्या कारखान्यात जातात, तेव्हा आपण त्यांना कृतघ्न म्हणत नाही.

दुसरा आक्षेप ऐपतीचा. कापसाला भाव नाही, मक्याला भाव नाही, मालकाचेच घर गळते आहे, तो दुसऱ्याचे काय बांधणार? 'घर पाहावे बांधून' ही म्हण काही उगीच पडलेली नाही. आम्ही सांगितलेल्या चार गोष्टींपैकी पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. तिसरीला थोडा लागतो, तोही परत येतो. चौथी ज्याला जमेल त्याने करावी.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण आमचे वय आता स्पष्ट बोलण्याचे आहे. हे आपल्या समाजाचे व्यासपीठ आहे, म्हणून मदत आपल्याच माणसांना व्हावी, असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु आपल्या शेतावर राबणारा पुष्कळदा दुसऱ्या समाजाचा असतो. पाणी पाजताना, पेरणी करताना आपण त्याची जात विचारीत नाही. मग त्याच्या घराच्या वेळी ती का विचारावी? आपला मुलगा ज्या कारखान्यात काम करतो, त्याचा मालकही आपल्या समाजाचा नाही. त्या मालकाने आपल्या मुलाशी जसे वागावे असे आपणांस वाटते, तसे आपण आपल्या गड्याशी वागावे, इतकीच आमची विनंती आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पुढील मेळाव्यापर्यंत प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्याकडे काम करणाऱ्यांची एक साधी यादी करावी. प्रत्येक नावापुढे लिहावे: याचे घर कोणाच्या नावावर आहे? पगाराची चिठ्ठी देतो काय? कोणत्या योजनेत नाव आहे, आणि कागद कोठे अडला आहे? ही यादी मंडळाकडे द्यावयाची नाही. ती आपल्याच देव्हाऱ्याजवळ ठेवावी. मंडळाने मात्र चारदोन शिकलेल्या तरुणांना नेमून, तहसील व पंचायत समितीतील कागदपत्रांसाठी आठवड्यातून एक दिवस मदत करण्याची व्यवस्था करावी. निवृत्त मंडळी त्या कामात हातभार लावतील, आणि आमचे नाव त्यात प्रथम लिहावे. अर्ज लिहिणे एवढे तरी आम्हांस येते.